कार्टेसियस : पहा देकार्त

फ्रेंच नावातला 'द' कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हा प्रश्न माझ्या नोकरीतली बरीच वर्षं माझ्या टेबलावर ठाण मांडून होता. कॉलेजच्या ग्रंथालयात कॅटलॉगचं काम. पाच बाय तीन इंचांचं जाड कार्ड, खाली मधोमध भोक, त्या भोकातून खणाची पितळी सळई ओवलेली. 'तालिकापत्र' हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता, एरवी सगळे कार्डच म्हणायचे. कार्डाच्या माथ्यावर लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. मराठी लेखकांपाशीही अडायला व्हायचंच. नाटकांवर वि. वा. शिरवाडकर, कवितासंग्रहांवर कुसुमाग्रज, माणूस एकच. तिथे जास्तीची कार्डं करून 'पहा' लिहिलं की भागायचं. पण फ्रेंच नावं आली की अँग्लो-अमेरिकन नियमांचं जाडजूड पुस्तक उघडावं लागे.

नियम तसा सोपा आहे. आडनावाआधी नुसता 'द' असेल तर तो मागे टाकायचा, म्हणून सिमोन द बोव्हार 'बी'च्या खणात जाते. पण त्या 'द'मध्ये उपपद मिसळून 'द्यु' किंवा 'दे' झालं असेल, तर ते नावाच्या डोक्यावरच राहू द्यायचं. म्हणून फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त 'डी'मध्ये. मग छापणाऱ्याने ते नाव जोडून लिहिलेलं असो, तोडून 'दे कार्त' असं लिहिलेलं असो, नाहीतर मधे आडवी रेघ घातलेली असो. तिन्ही तऱ्हा त्याच्या हयातीतच चालू होत्या. तो स्वतः पत्राखाली बहुतेकदा जोडूनच सही करायचा.

गंमत अशी, की जे आम्हाला नियमाने करता येत नव्हतं ते त्याच्या काळच्या पंडितांनी खुशाल करून टाकलं होतं. सतराव्या शतकात विद्वानांचा व्यवहार लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमध्ये नाव चालवायचं तर त्याला विभक्ती लागली पाहिजे. 'देकार्त' या नावाला लॅटिन प्रत्यय कुठून लागणार? मग पुढचा 'दे' उडवला, उरलेल्या 'कार्त'ला शेपूट जोडलं आणि 'कार्टेसियस' तयार झाला. रने हे पाळण्यातलं नाव 'रेनातुस' झालं. त्याची तत्त्वज्ञानावरची 'मेदितातिओनेस' पॅरिसमध्ये १६४१ साली निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर एक तडजोड दिसते: रेनातुसला षष्ठी लावून 'रेनाती' केलंय आणि आडनाव मात्र आडवी रेघ घालून फ्रेंचच ठेवलंय. अर्धं नाव लॅटिनमध्ये, अर्धं फ्रेंचमध्ये. पण पुढे अनुयायी वाढले, विरोधक त्याहून वाढले, आणि दोघांच्याही तोंडी कार्टेसियसच बसला. एका माणसाची दोन खणांत वाटणी झाली. तो स्वतः 'डी'मध्ये आणि त्याच्या नावाचा संप्रदाय 'सी'मध्ये.

आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना या वाटणीचा पत्ताच नसे. नववी-दहावीत सगळ्यांनी कार्टेशियन निर्देशक पद्धती घोटलेली. आडवा अक्ष, उभा अक्ष, मधे आरंभबिंदू, चार चरण. हे 'कार्टेशियन' म्हणजे कुणाचं तरी नाव आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. कुणाला ते 'कार्ट' म्हणजे तक्त्याशी संबंधित वाटे, कुणाला नकाशाशी. पुढे बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं की देकार्त नावाचा कुणीतरी सगळ्यावर संशय घेणारा गृहस्थ भेटे. हे दोघे एकच, हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होत. सख्खे शेजारी एकाच पोस्टखात्यात चिकटलेत, हे निवृत्तीच्या दिवशी कळावं तसं.

वर्गात जिथे 'क्ष' यायचा, तो मुळात त्याचाच. अज्ञात राशींना वर्णमालेतली शेवटची अक्षरं, एक्स, वाय, झेड, आणि ज्ञात राशींना सुरुवातीची, ए, बी, सी, ही चाल रूढ झाली ती त्याच्या १६३७ सालच्या 'ला जेओमेत्री'मुळे. मराठी बीजगणिताने एक्स उचलला आणि त्याचा 'क्ष' केला. आता क्ष काही आपल्या मुळाक्षरांत अज्ञाताचं अक्षर म्हणून बसलेला नव्हता, तो एक्सच्या उच्चाराला जवळचा म्हणून आला. तरी असा मुरला, की क्ष-किरण आले, 'अमुक क्ष व्यक्ती' आली. माझ्या मते देकार्तचं मराठीतलं सगळ्यात खोल गेलेलं नाव हेच. फक्त त्याच्यावर त्याचा शिक्का नाही.

आणि त्याला ते खुपलंही नसतं. स्वतःचं नाव पुढे करायची या माणसाला मोठीशी हौस नव्हती. ऐन तारुण्यात, १६१९च्या सुमारास, त्याने खासगी टिपणवहीत लिहून ठेवलंय, की नट मुखवटा चढवून रंगमंचावर येतात, तसाच मीही जगाच्या रंगमंचावर मुखवट्यानिशी येतोय. दहा वर्षांनी मित्राला, मेर्सेन या पाद्र्याला, कळवतो, की मला चित्रामागे लपून लोक काय बोलतात ते ऐकायचंय. १६३३मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याची बातमी कानावर आली आणि छपाईला तयार होत आलेला विश्वरचनेवरचा ग्रंथ त्याने पेटीत टाकला. १६३७मध्ये लायडेनला यान मेर या प्रकाशकाने त्याचं पहिलं पुस्तक काढलं, ज्यात विचारपद्धतीवरचा तो प्रसिद्ध निबंध आणि ही भूमिती दोन्ही आहेत. त्याच्यावर लेखकाचं नावच नाही. फ्रान्सच्या राजाचा छपाईचा परवाना मेर्सेनने मिळवून दिला होता, त्यात नाव होतं आणि वर स्तुतीही होती. देकार्तने परवान्याचा फक्त सारांश छापायला लावला, नाव वगळून. अर्थात पंडितांच्या वर्तुळात लेखक कोण हे कुणापासून फार काळ लपलं नाही. असल्या गोष्टी कुठे लपतात?

नाव लपवणाऱ्याचं नाव मग ज्याच्या हातात लेखणी त्याने हवं तसं लिहिलं. ३ एप्रिल १५९६ रोजी फ्रान्समध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा चर्चच्या वहीत नोंद झाली ती जोआकिम देकार्त यांचा मुलगा रने अशी. वडील ब्रिटनीच्या न्यायसभेचे सदस्य, त्यामुळे त्या नोंदीत बापाचा हुद्दाही आला. पुढे पेरों नावाची थोडी जमीन त्याच्या वाट्याला आली तेव्हा तो 'पेरोंचा धनी' म्हणूनही ओळखला जाई. सैन्यात असताना १६१८च्या नोव्हेंबरात ब्रेडा इथे त्याची आयझॅक बेकमन या डच माणसाशी गाठ पडली. बेकमनची रोजनिशी १९०५ साली मिडेलबर्गमध्ये सापडली, तेव्हा तीत हा तरुण 'पिक्तो' म्हणून भेटला. पिक्तो म्हणजे प्वातू प्रांताचा, आपल्या भाषेत प्वातूकर. लायडेनच्या विद्यापीठात १६३०मध्ये नाव घातलं तिथेही पिक्तो, गणिताचा विद्यार्थी. त्याच्या आदल्या वर्षी फ्रानेकरच्या विद्यापीठात मात्र तो 'फ्रेंच, तत्त्वज्ञ' अशा नोंदीने दाखल झाला होता. वर्षभरात तत्त्वज्ञाचा विद्यार्थी झाला, देशाचा प्रांत झाला. मुक्काम कुठे म्हणून विचारलं असतं तर तेही दर वेळी वेगळं निघालं असतं, हॉलंडमधल्या वीस वर्षांत त्याने इतकी घरं बदलली.

या सगळ्या नोंदींत मला जिच्यापाशी थांबावंसं वाटतं ती डेव्हेंटर या गावची. १६३५च्या उन्हाळ्यातली, तिथल्या रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतली. तारखेतच गुंता आहे: त्या प्रांतात जुनं कॅलेंडर चालू, म्हणून वहीत २८ जुलै, आणि नव्या कॅलेंडरप्रमाणे ७ ऑगस्ट. बाप : रायनर योखेम्स. आई : हिलेना यान्स. मूल : फ्रान्सिंत्ख. मुलगी म्हणजे फ्रान्सीन. आई म्हणजे हेलेना, आम्स्टरडॅमला ज्या पुस्तकविक्रेत्याच्या घरी देकार्त राहायचा तिथे कामाला होती. आणि रायनर योखेम्स म्हणजे आपला रने देकार्त. लग्न झालेलं नव्हतं.

पुष्कळ चरित्रकार इथे भुवई उंचावतात: बघा, नाव बदलून आला! मला ते तितकं सरळ दिसत नाही. त्या काळी हॉलंडमधल्या साध्या माणसांना बहुधा आडनावच नसे. स्वतःचं नाव आणि मागे बापाचं, संपलं. योखेम्स म्हणजे योखेमचा, जोआकिमचा. हेलेना यान्स म्हणजे यानची मुलगी. वडिलांचं नाव त्याने खोटं सांगितलेलं नाही, ते अगदी खरं आहे. रनेचं मात्र रायनर झालं, आणि ही दोन नावं जवळची वाटली तरी एका मुळाची नाहीत. कान डच, नाव फ्रेंच, वहीत लिहिणाऱ्याने ओळखीचं नाव टेकवलं असेल. आपल्याकडे जनगणनेला आलेल्या मास्तरांनी नावांची काय काय रूपं केली ते ज्यांनी जुनी दफ्तरं चाळलीत त्यांना सांगायला नको. आणि समजा त्याला स्वतःलाच आडनाव सांगायचं नव्हतं, तरी गावच्या रिवाजानेच त्याची सोय झाली. खोटं एक अक्षर न बोलता तो दिसेनासा झाला.

मराठी माणसाला ही नोंद वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते, जी फ्रेंच वाचकाला कदाचित नवीच वाटेल. आपल्या शाळेच्या दाखल्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. डेव्हेंटरच्या वहीत दोनच आहेत. आपल्या तिन्ही रकान्यांत भरला तर तो 'रने जोआकिम देकार्त' होतो, आणि डच आणि फ्रेंच दोन्ही नोंदींचा मेळ बसतो. फ्रान्सीन पाच वर्षांची असताना सप्टेंबर १६४०मध्ये आमेर्सफोर्टला स्कार्लेट फीव्हरने गेली. त्याआधी एका पत्रात देकार्तने 'माझी भाची' असा ज्या मुलीचा उल्लेख केलाय ती हीच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे बाप वहीत खरा सापडतो आणि पत्रात नाही.

मराठीत त्याचं नाव दोन रस्त्यांनी आलं, आणि कुठला रस्ता कुणी धरला ते एका अक्षरावरून कळतं. डेकार्ट म्हणणारा इंग्रजी पुस्तकातून आलाय. इंग्रजांचे डी आणि टी आपल्या कानाला ड आणि ट लागतात, म्हणून डॉक्टर, स्टेशन. फ्रेंचांचे तेच वर्ण दातांना जीभ टेकवून येतात, सरळ आपले द आणि त. म्हणून देकार्त हा फ्रेंचांच्या तोंडचा उच्चार, आणि तो लिहायला देवनागरीला काडीचाही त्रास नाही. रोमन लिपीत त्याच्या नावाच्या शेवटी जी तीन अक्षरं येतात त्यातलं फक्त एक बोलायचं असतं, आपण तेवढंच लिहितो. आमचे एक प्राध्यापक ती सगळी अक्षरं इमानेइतबारे उच्चारून 'डेस्कार्टेस' म्हणत, आणि वर्गाला तेच पाठ होई. विश्वकोशाने देकार्त केलं ते बरं झालं. रेने की रने यावर मात्र अजून एकमत दिसत नाही. माझं मत रनेला, कारण फ्रेंचमध्ये तिथला पहिला स्वर आपल्या अ-च्या जवळचा आहे.

विभक्तीचं तर विचारूच नका. जुन्या धाटणीत नाव मराठीत आलं की त्याचं सामान्यरूप व्हायचं: रामाचा, गोविंदाचा. देकार्तचं कुणी 'देकार्ताचा' करत नाही. करून बघा, लगेच तो सांगलीकडचा कुणी वाटायला लागतो. लिथुआनियन लोकांनी मात्र असा संकोच केलेला नाही. त्यांच्या भाषेत पुरुषाच्या नावाला शेवटी 'अस'सारखा प्रत्यय लागायलाच हवा, म्हणून तो तिथे देकार्तस. शेजारच्या लात्वियात देकार्त्स. पोलिश लोकांनी लॅटिनच पुढे चालवली, त्यांचा कार्तेझ्यूश. इटलीत कार्तेझिओ, ग्रीकमध्ये कार्तेसिओस. रशियन देकार्त ऐकायला थेट मराठीच वाटतो. चिनी लिपीत अक्षरं घ्यायची तर अर्थही बरोबर येतो, म्हणून तिथे 'दिकार'मधलं पहिलं अक्षर बासरीचं आहे. शेवटचं अक्षर चीनमध्ये वेगळं आणि तैवानमध्ये वेगळं, उच्चार जवळपास तोच. जपानीत 'न' सोडला तर व्यंजनावर शब्द संपत नाही, म्हणून देकारुतो. जपानी विद्यार्थ्यांच्या तोंडी 'देकान्शो' नावाचं एक गाणं असे, आणि देकारुतो, कांतो, शोपेनहाउआ या तिघांची आद्याक्षरं घेऊन ते झालं असं पोरं एकमेकांना सांगत. गाणं खरं तंबा-सासायामा भागातलं लोकगीत. पण वसतिगृहातल्या पोरांनी तीन तत्त्वज्ञ त्यात बसवले, आणि ते बसले. अरबीत दिकार्त. इजिप्तच्या ताहा हुसेनने १९२६मध्ये इस्लामपूर्व अरबी काव्यावरच्या पुस्तकात दिकार्तच्या पद्धतीने संशय घेऊन बघायचं ठरवलं आणि कैरोत केवढा गहजब उडाला. ज्यांनी तत्त्वज्ञानाचं पानही उलटलं नव्हतं त्यांच्याही कानावर हे नाव पडलं ते असं.

आता जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपापल्या नोंदी एकमेकींना जोडून 'व्हायाफ' नावाची सामाईक यादी केलीय. तीत देकार्त उघडला की ही सगळी नावं रोमन, सिरिलिक, अरबी, हिब्रू, चिनी, जपानी लिप्यांत एकाखाली एक उलगडत जातात. आम्ही एक 'पहा' कार्ड टाइप करून धन्य व्हायचो. ती यादी बघताना माझं लक्ष असतं ते यादीत नसलेल्यांकडे. रायनर योखेम्सला कुठल्या खणात घालणार? त्या नावाने त्याने एकही पुस्तक लिहिलेलं नाही, म्हणजे ग्रंथालयाच्या लेखी तो झालाच नाही.

मराठीत आणखी एक गोष्ट आपल्या अंगवळणी पडलीय. देकार्त म्हणतो. कांट म्हणतो. पण आगरकर म्हणतात, राजवाडे म्हणतात. तुकारामाला आपण एकेरीत बोलावतो ती घरच्या जवळिकीने. परदेशी तत्त्वज्ञाला एकेरीत बोलावतो ते इंग्रजी पुस्तकांत मान-अपमानाला वेगळं क्रियापदच नसतं म्हणून, आणि मराठी प्राध्यापकांनी ते तसंच फळ्यावर उतरवलं म्हणून. मीही या लेखात तेच केलंय. 'देकार्त म्हणतात' लिहिलं तर ते नगरसेवक वाटतात. खुद्द बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ मात्र त्याला पत्रात मस्य देकार्त म्हणते. शरीर आणि मन वेगवेगळे असतील तर मन शरीराला हलवतं कसं, असा रोखठोक प्रश्न तिने १६४३च्या पहिल्याच पत्रात टाकला, आणि त्याला काही त्याचं धड उत्तर देता आलं नाही. पण संबोधनात कुठे कमी नाही.

हे पत्र तिने 'ला हे'हून लिहिलंय. राज्य गेल्यामुळे तिचं कुटुंब तिथे आश्रयाला होतं. ला हे म्हणजे आपलं हेग, फ्रेंचांच्या तोंडी. आणि देकार्तचा जन्मही ला हेचा! कॅटलॉग करणाऱ्याच्या पायात अडकणारी ही हमखास जागा: आयुष्याचा मोठा भाग हॉलंडमध्ये काढलेला माणूस, जन्मगाव ला हे. घाईत असलेला कुणीही त्याला डच ठरवील. पण ते ला हे वेगळं, तुरेन प्रांताच्या कडेला, क्रझ नदीच्या काठी. गावाच्या एका अंगाला तुरेन आणि दुसऱ्या अंगाला प्वातू, म्हणून तर त्याला प्वातूकर म्हणायचे, घराणं तिकडचं.

त्याच्या मृत्यूनंतर नावाने जी भटकंती केली ती जिवंतपणीच्या घरं बदलण्याहून मोठी. ११ फेब्रुवारी १६५०ला स्टॉकहोममध्ये तो गेला. १६६६ साली अस्थी फ्रान्सला हलवल्या, त्यात कवटी मागेच राहिली. मागाहून स्वीडनमधल्या मालकांनी तिच्यावर नावं आणि लॅटिन कविता लिहिल्या, आणि एका कवितेत तो पुन्हा कार्टेसियस आहे. १८२१मध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने ती मिळवून पॅरिसला क्युव्हिये या शास्त्रज्ञाकडे धाडली, आता ती तिथल्या मानव संग्रहालयात आहे. चंद्रावर एका विवराला त्याचं नाव आहे. त्याच्या जवळच्या पठारावर १९७२च्या एप्रिलमध्ये अपोलो १६ उतरलं, ती जागा नासाच्या कागदांत 'देकार्त हायलँड्स'.

पण कमाल केली ती गावाने. १८०२मध्ये ला हेचं 'ला हे-देकार्त' झालं, आणि १९६७मध्ये जुनं नाव पुसून नुसतं देकार्त. त्यामुळे हल्लीच्या याद्यांत संगणक बिनदिक्कत सांगतो: रने देकार्त, जन्म १५९६, देकार्त. आपल्याकडे माणूस गावाचं नाव लावतो, वाईचा वाईकर, चिपळूणचा चिपळूणकर. इथे गावाने माणसाचं आडनाव लावून घेतलं, आणि त्या आडनावाच्या गावात राहणाऱ्यांना फ्रेंचमध्ये 'देकार्त्वा' म्हणतात. म्हणजे देकार्तकर. टपालवाला, पाववाला, शाळेत जाणारी पोरं, सगळे देकार्तकर, आणि त्यांतल्या एकालाही 'पहा' कार्डाची गरज नाही.